बसथांब्यावर मोडलेला उपास

गेल्या कार्तिकातल्या एका सोमवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, वाशीत एपीएमसी मार्केटजवळच्या बसथांब्यावर माझ्या आईची साखर एकदम उतरली. आम्ही खारघरहून तिचे डोळे तपासायला आलो होतो. सकाळचे इन्सुलिन मीच टोचले होते. पोह्यांची बशी रिकामी दिसली, म्हणून टोचले. पोहे तिने कबुतरांना घातले होते. डॉक्टरांनी बंद केलेला सोमवारचा निरंकार उपास ती आमच्यापासून लपवून करत होती, हे मला थांब्यावर कळले.

तिला दरदरून घाम आला, हात थरथरू लागले. पिशवीतल्या पाण्यात मी ग्लुकोज कालवले. तिने ओठ घट्ट मिटले. "दिवा लागल्याशिवाय नाही," एवढेच म्हणाली. मी ओरडलो, मग विनवण्या केल्या. तिच्या देवाशी माझे कधी जमले नव्हते. त्या क्षणी तर त्याचा रागच आला. शुद्ध हरपली तर तोंडाने काहीच देता येणार नाही, हे मला ठाऊक होते. रिक्षा थांबत नव्हती.

थांब्याच्या कडेला माठाच्या आणि मुळ्याच्या जुड्या घेऊन एक बाई बसली होती. पन्नाशीची, जवळच्याच गावातली असावी. ती उठून आली.

"काय झाला रं?"

मी सांगितले. तिने माझ्या हातातली बाटली घेतली आणि आईसमोर उकिडवी बसली.

"आये, माजा पन सोमवार हाय. ह्यो बग, मी पिते." ती दोन घोट प्यायली. "मोडला माजा. आता तू पी. पाप लागला तं दोगींना लागंल. तुजा शंकर काय माज्यापेक्षा कडक हाय?"

आईने तिच्याकडे पाहिले आणि तोंड उघडले. बाटली संपेपर्यंत त्या बाईने तिचा हात सोडला नाही. पंधरा-वीस मिनिटांत आई नीट बोलू लागली. बाई तोवर परत भाजीपाशी जाऊन गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होती.

देवच आला होता, असे आई म्हणते. मी वाद घालत नाही. माझे ज्ञान, माझा आरडाओरडा, काही चालले नाही. चालले ते एका अनोळखी बाईने स्वतःचे सोडून दिलेले. तेव्हापासून संध्याकाळी आई दिवा लावते तेव्हा मीही हात जोडतो. मागत काही नाही.

पुढच्या सोमवारी आई पोटभर खाऊन, लाडूंचा डबा घेऊन माझ्याबरोबर थांब्यावर आली. बाईने डबा कपाळाला लावला, पण उघडला नाही.

"उद्या खाईन. आज पैला सोमवार हाय."

"पहिला कसा?" आईने विचारले.

बाई हसली आणि जुड्यांवर पाणी मारू लागली. उत्तर शेजारच्या लिंबूवालीने दिले. बाईने सोळा सोमवार धरले होते. मोडला तो पंधरावा होता.