नलूताईंचे खेकडे

लेख प्रसिद्ध झाल्याची मेल आली तेव्हा नलूताईंचं दिवसकार्यही उरकून गेलं होतं. आधी त्यांचं नाव, खाली माझं. मेल पुन्हा वाचली... आता सांगायचं कोणाला?

लोणावळ्याच्या कॉलेजात आम्ही दोघं प्राणिशास्त्र शिकवायचो. मी फळ्यापाशी रमणारा, त्या चिखलात. इंदुरी गावच्या ओढ्यातल्या खेकड्यांनी त्यांना वेड लावलं होतं. तुंगार्लीच्या घरून दरवेळी ओझं नको म्हणून त्यांचे गमबूट ओढ्याकाठी राहणाऱ्या कोंडाबाईंच्या पडवीतच असत. खेकड्यांवरचा आमचा पहिला लेख परदेशी नियतकालिकात आला तेव्हा आम्ही पेढे वाटले. बढतीलाही तो कामी आला; आम्हा प्राध्यापकांना लेख वाचण्यापेक्षा मोजायचीच सवय. नलूताई मात्र तो कोंडाबाईंना दाखवायला गेल्या. कोंडाबाईंच्या मोबाईलवर लेख उघडेना. आधी पैसे भरा म्हणे! कोंडाबाई हसत सुटल्या, "तुमीच लिवलं, आन् तुमालाच दिसंना व्हय?"

ते नलूताईंच्या जिव्हारी लागलं. पुढचा लेख त्याच नियतकालिकानं स्वीकारला, पण लेखावरचे हक्क सोडून देण्याच्या कागदावर त्यांनी सही केली नाही. तोवर त्यांना मोठ्या दुखण्यानं गाठलं होतं. मी वैतागलो. "नियतकालिकाचं एवढं मोठं नाव आहे, करा सही आणि मोकळ्या व्हा. वाचणारे वाचतील."

"कोण वाचणारे, ते तरी सांगा," त्या दमलेल्या आवाजात म्हणाल्या. "कोंडाबाईंच्या फोनवर उघडला पाहिजे. बस."

वाचकाला फुकट देणारी बरीच नियतकालिकं लेखकालाच सोलून काढतात. शेवटी दोघांकडूनही काही न घेणारं एक छोटंसं सापडलं. तिथली माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून काम करणारी, त्यामुळे लेखाची तपासणी रेंगाळली. हॉस्पिटलातही नलूताई विचारायच्या, "आला का?" मी म्हणायचो, "अजून नाही." खरं सांगतो, या सगळ्याचाच वीट आला होता.

परवा इंदुरीला गेलो. बातम्या दोन होत्या, त्यातली सोपी आधी सांगितली. कोंडाबाईंच्या फोनवर लेख लगेच उघडला, कुणी काही मागितलं नाही. इंग्रजी त्यांना येत नाही, पण फोटो दिसताच चेहरा फुलला. "ह्यो तर आमचाच वढा की वो!" मग पडवीतल्या गमबुटांकडे बघत म्हणाल्या, "सर, बाईंनी बघितला का? लय दिस झालं, आल्या न्हाईत हिकडं."

मी फोन त्यांच्या हातात दिला आणि दुसरी बातमी सांगायला गमबुटांशेजारी खाली बसलो...