पडलेल्या भिंतीपलीकडचा माग

शहापुरातलं ते वादळ आठवलं की मला आजही हसू येतं. मी शेतकऱ्याचा मुलगा. वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलं, म्हणून घराण्यातला पहिला बी.ए. झालो आणि इंग्रजी अमदानीत फौजदाराची जागा मिळाली. ते उपकार मी विसरलेलो नाही.

कोकणाकडून चढलेल्या त्या वाऱ्याने गल्ल्यांत झाडं आडवी झाली, कौलांचा खच पडला. ठाण्याचंही छप्पर उडालं. शाबूत राहिली फक्त कोठडी. तेव्हा टेबल, दौत, हवालदार आणि मी, सगळे कोठडीत बसून काम करू लागलो.

तिथेच एक विणकर आप्पा फिर्याद घेऊन आले. शेजाऱ्याच्या आणि त्यांच्या घरांमधली भिंत कोसळली होती. पाणी शिरून, पाय सोडून बसायचा मागाचा खड्डा भरला, तसे ते घरच्यांना घेऊन देवळात गेले. परतून बघतात तर अर्धी विणलेली साडी ताण्याच्या उभ्या धाग्यांसकट गायब. लेकीच्या लग्नाची साडी होती आणि लग्न तोंडावर आलेलं. संशय शेजारच्या अण्णांवर. त्या भिंतीच्या जागेवरून दोघे कैक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

पंचनाम्याला गेलो तर सगळी गल्ली पाणी उपसत होती. घागर रिकामी करत एक आक्का म्हणाली, "सायेब, समदे माग बुडाल्यात. मग अण्णाच्या मागल्या खोलीत खटखट कशाची वं?"

अण्णांचं जोतं उंच, माग कोरडा. मला बघताच त्यांनी मागावर चादर ओढली. चादर काढली, तर खाली तीच साडी. त्यांना ठाण्यात आणलं. कोठडी पाहून ते उंबऱ्यातच थबकले.

"काय इचारायच्या आधीच आत घालताय व्हय?"

"या की, आमी बी आतच हाय," हवालदार म्हणाला.

"साडी का उचलली?" मी विचारलं.

"भिजून वाया गेली असती."

"मग आप्पांना सांगायचं."

"बोलणं न्हाय आमचं."

"आणि विणत का बसलात?"

मी दौतीत टाक बुडवून सावकाश तारीख लिहू लागलो. समोरच्याला घाई नाही असं दिसलं की माणूस बोलतो, हा माझा अनुभव.

"त्येचा माग पाण्यात," अखेर ते म्हणाले. "भांडान त्येच्यासंगं हाय. पोरगी माज्या अंगणात खेळून मोठी झालीया. पुरी करून गपचिप देवळात ठेवणार हुतो."

आप्पांना बोलावून सगळं सांगितलं आणि हवालदारासह सगळे गल्लीत परतलो. पडक्या भिंतीवरून पाय टाकत आप्पा अण्णांच्या मागाशी आले. नवं विणलेलं कापड त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं. अण्णा दुसरीकडे तोंड करून उभे.

"काठ सैल इणलाईस रं."

"तुजा ताणाच सैल हुता."

हवालदाराने हळूच लेखणी खिशात घातली.

फिर्याद मागे घेतली गेली. साडी अण्णांच्याच मागावर पुरी झाली. भिंत कुणी पुन्हा उभारली नाही, कारण लग्नाचा मांडव दोन्ही अंगणांत मिळून घातला होता आणि पुढेही ती मोकळी जागा दोघांना बरी वाटली.

मला मात्र त्या प्रकरणाने एक सवय लावली. नोकरीभर चोरीची फिर्याद लिहून घेताना, काय गेलं याच्याही आधी मी विचारत असे, "शेजाऱ्याशी बोलणं आहे ना?"