रक्तातला आकडा आणि काचेवरचा रंग

"कॅन्सरच्या जातीतलंच आहे, पण नेहमीचा प्रकार नाही," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा माझी बायको मंगल खुर्चीच्या काठावर बसली होती. नेहमीचा म्हणजे कोणता, हे आम्हा दोघांनाही विचारायला सुचलं नाही.

तिला शौचाच्या वेळी अधूनमधून रक्त दिसायचं. मूळव्याध असेल म्हणून आम्ही तिखट कमी केलं. रक्त थांबलं नाही, तेव्हा कोलोनोस्कोपी केली, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून पाहिलं. गुदाशयात, आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात, आठ मिलिमीटरची पिवळसर गाठ निघाली. तिचा तुकडा तपासायला गेला.

रिपोर्टमध्ये आलं न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. आतड्याच्या अस्तरात हार्मोन बनवणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. त्यांच्यापासून झालेली ही गाठ. ती बहुधा सावकाश वाढते, पण पसरू शकते.

मग रक्ताची तपासणी झाली, क्रोमोग्रॅनिन ए नावाची. अशा गाठी हे प्रथिन रक्तात सोडतात. मंगलचा आकडा वरच्या मर्यादेच्या साडेचार पट आला. सीटी स्कॅनमध्ये काही दिसलं नव्हतं, पण बारीक पसरलेलं त्यात दिसेलच असं नाही, असं सर्जन म्हणाले.

"आकडा एवढा वर असेल तर पसरल्याची शंका धरावी लागते. मग नुसती गाठ काढून भागत नाही. आतड्याचा तो भागच काढावा लागेल. शौचासाठी पोटावर पिशवी लावायची. काही महिने, किंवा कायमची."

रिक्षात बसून घरी निघालो. मुकुंदवाडी जवळ आल्यावर मंगल म्हणाली, "मरायचं मला भ्या नाय. पण पोटाला पिशवी बांधून लेकीच्या सासरी कशी जाऊ? चार बायकांत कशी बसू, सांगा तुम्ही."



ऑपरेशन ठरवण्याआधी तुकडा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा, असं सर्जननीच सुचवलं. आपल्याकडे हे काम घरच्यांचं असतं. पहिल्या लॅबमधून काचा आणि ब्लॉक सही करून घ्यायचे आणि स्वतः दुसरीकडे पोचवायचे. काचा म्हणजे तुकड्याचे पातळ काप लावलेल्या स्लाइड, आणि ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा. मे महिना होता. मंगलने ब्लॉक कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवला, वर ओला रुमाल बांधला.

"उन्हानं मेण वितळलं तर? पुन्हा तुकडा मी देणार नाय, आधीच सांगते."

गुलमंडीपलीकडच्या त्या लॅबमध्ये एक डॉक्टरबाई होत्या. डबा पाहून त्या हसल्या. "काका, जेवण आणलंत का?"

दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट आणायला गेलो, तर त्यांनी आत बोलावून सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या स्क्रीनवर काच दाखवली. एकसारख्या गोल पेशी, दोरीवर ओवल्यासारख्या रांगांत. केंद्रकांत बारीक काळे-पांढरे कण. "याला आम्ही मीठ-मिरपूड म्हणतो," त्या म्हणाल्या. घरी सांगितल्यावर मंगल म्हणाली, "माझ्या पोटात पण सैपाकच का?"

गाठीचा वेग काचेवर लावायच्या केआय-सिक्स्टीसेव्हन या रंगाने कळतो. वाढायच्या तयारीतली पेशी तपकिरी होते. शंभरात तीनपेक्षा कमी असतील तर ग्रेड एक, म्हणजे सर्वांत संथ. बाईंनी अंदाजाने लिहिलं नव्हतं. सर्वांत जास्त रंगलेल्या जागेचा फोटो छापून एकेका पेशीवर पेनाने खूण केली होती. पाचशे पेशी, त्यात सात तपकिरी. म्हणजे एक पूर्णांक चार दशांश टक्के. मी जमीन मोजणीच्या कामात आहे. अशा मोजणीवर माझा विश्वास बसतो.

मी रक्ताचा रिपोर्ट पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि पुन्हा दोन काचा काढल्या.

"ही पाहा. सिनॅप्टोफायसिनचा रंग गच्च बसलाय, म्हणून गाठ या जातीची हे नक्की. आणि ही क्रोमोग्रॅनिनची काच. ते प्रथिन असेल तिथेच रंग धरतो, आणि ही जवळजवळ कोरी. गुदाशयातल्या गाठी पुष्कळदा अशाच असतात. आता जी गाठ ते प्रथिन फारसं बनवतच नाही, ती रक्तात एवढं कुठून सोडणार? दुसरं काहीतरी कारण असणार. काय औषधं घेतात त्या?"

"काहीच नाही."

"ॲसिडिटीसाठी?"

"ती गोळी घेते की. पण ते औषध नाही."

"कधीपासून?" त्यांनी विचारलं. मी तिथूनच मंगलला फोन लावला.

"अगं, सकाळची ती गोळी कधीपासून घेतेस?"

"कोणती? चहाच्या आधीची व्हय? धाकट्याच्या बारशापासून. तुम्हीच तर आणता. तिचं काय?"

धाकटा आता कॉलेजात आहे. आमच्या घरात ठेचा आणि ती गोळी एकाच फळीवर असतात. दवाखान्यात दर वेळी "औषधं चालू आहेत का" असं विचारलं गेलं, मंगल "नाय" म्हणाली आणि मी शेजारी मान हलवली. ॲसिडिटीच्या या गोळ्यांनी क्रोमोग्रॅनिन वाढतं, हे बाईंनी तेव्हा सांगितलं. "पण तेच कारण आहे असं मी आज म्हणणार नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारून गोळी थांबवा, मग पुन्हा रक्त द्या."

डॉक्टरांच्या परवानगीने गोळी दोन आठवडे बंद केली. मंगलची छाती जळायची. "आगीपायी जाते का पिशवीपायी, बघू," असं म्हणत ती थंड दूध प्यायची.

दुसरा आकडा मर्यादेच्या आत आला. मी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून एकक आणि लॅबचं नाव तपासलं. सारखं होतं.

सर्जननी मोठं ऑपरेशन रद्द केलं. दुर्बिणीतूनच गाठ काढली. कडा स्वच्छ, म्हणजे गाठीचा अंश मागे राहिलेला नाही, असा रिपोर्ट त्याच डॉक्टरबाईंनी दिला. आता ठरल्या वेळी तपासणीला जायचं, एवढंच.

ज्यांच्या घरी हे दुखणं येईल त्यांना माझं सांगणं थोडंच आहे. रोज पोटात जाणारी प्रत्येक गोळी, चूर्ण, काढा डॉक्टरांना सांगा. मनाने काही बंद करू नका. आणि दोन तपासण्या एकमेकींशी जुळत नसतील तर कारण विचारा.

मंगलला त्या बाईंना भेटायचं होतं, म्हणून तिला लॅबमध्ये घेऊन गेलो. पेशंट कधी लॅबच्या आत येत नाही, त्यामुळे त्या जरा गोंधळल्या. उठून खुर्ची दिली.

मंगल बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "माझं आतलं समदं बघितलं तुम्ही. म्हणलं, आता तोंड पण बघून घ्या."