नेटच्या खांबांची जागा
परवा इथे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात, माझ्या मुलीच्या शाळेच्या जिममध्ये ताज्या वार्निशचा वास आला आणि मला काही वर्षांपूर्वीचं इथल्याच एका छोट्या कॉलेजच्या नव्या क्रीडा संकुलाचं उद्घाटन आठवलं. मी ते वृत्तपत्रासाठी कव्हर करायला गेलो होतो. तिथली मुलींची व्हॉलीबॉल टीम नागपूरच्या एका काकांनी शून्यातून उभी केली होती. आधी ते कोच होते, पुढे सगळ्या खेळांचे डायरेक्टर झाले, तरी मॅचच्या सकाळी नेट स्वतःच बांधायचे. बाहेर बर्फ पडत होता, आत भाषणं चालू होती आणि मुली युनिफॉर्म घालून फोटोसाठी रांगेत उभ्या होत्या. काका मात्र मान खाली घालून बुटाच्या टोकाने नवं लाकूड चाचपत कोर्टभर फिरत होते. नेटचे खांब रोवायला जमिनीत दोन भोकं ठेवावी लागतात, ती कुठेच नव्हती. त्यांनी कॉलेजच्या प्रेसिडेंटना विचारलं. "या सीझननंतर टीम बंद करतोय," प्रेसिडेंट हळूच म्हणाले, "पुढच्या आठवड्यात तुम्हाला सांगणारच होतो." काका माझ्याजवळ आले. "वार्निश झकास मारलंय रे," ते मराठीत म्हणाले, "सुताराला माझ्या आधी कळवलं होतं." तेवढ्यात टीमच्या कॅप्टनने हाक मारली, "कोच, नेट कुठे लावायचं?" "आधी फोटो काढू," म्हणत ते मुलींच्या मधोमध जाऊन उभे राहिले. तो फोटो आमच्या अंकात छापून आला. त्यात सगळे हसताहेत, काकासुद्धा. परवा मुलीचा खेळ बघायला बसण्याआधी मी जमिनीतली ती दोन भोकं शोधली.