दोरीवरचा मास्क

झोपेत माझा श्वास अडकतो, म्हणून रोज हवा सोडणाऱ्या यंत्राचा मास्क नाकावर लावून झोपावं लागतं. सकाळी तो धुऊन गॅलरीतल्या दोरीवर वाळत घालतो. आज त्याच्याकडे बघत बसलो. एका माणसाचे चार कपडे आणि शेजारी लोंबणारं एक रबरी नाक. माझ्या घोरण्याचं निमित्त काढून मुलाने वेगळं बिऱ्हाड केलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

यंत्र किती तास चाललं, ते दवाखान्यातल्या एका मुलीला तिथल्या संगणकावर कळतं. ती रोज फोन करायची.

"काका, काल दोनच तास?"

"गुदमरतं गं. तीन लावीन, वर एक मिनिट नाही."

"निदान चार!"

"साडेतीन. पटतंय तर बोल."

एकदा चिडून फोन आपटला. तरी दुसऱ्या दिवशी तिने हसत विचारलं, "झोप लागली का?" घरात हे कुणी कधी विचारलं नव्हतं. तिला बरं वाटावं म्हणून मी सहा तासांवर गेलो.

काल ती म्हणाली, "शाब्बास काका! आता रोज फोन करायची गरज नाही."

उभा जन्म घासाघीस करण्यात गेला, आणि नेमका हाच सौदा मी घाईने पटवून टाकला. मास्क वाळल्यावर उशाशी नेऊन ठेवला. शेजारी फोनही ठेवला.