आतोबांचा शनिवार

जगात भविष्य सांगणारे पुष्कळ आहेत. पण इतकी वर्षं, इतक्या आत्मविश्वासाने आणि इतकं हटकून चुकीचं भविष्य सांगणारा माणूस माझ्या आतोबांशिवाय दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. अधूनमधून चुकणारे ज्योतिषी गल्लोगल्ली मिळतात. त्यांचा कुणाला उपयोग नसतो, कारण ते कधी बरोबर येतील याचा नेम नसतो. आतोबांचं तसं नव्हतं. त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा आणि बरोबर उलटं वागावं.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पंचवटीत त्यांची पिढीजात भिक्षुकी. सकाळी रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी, मग कुणाकडे सत्यनारायण, कुणाकडे वास्तुशांत. मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आलो तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मुहूर्त विचारा, तिथी विचारा, पंचांगात छापलेलं ते बिनचूक सांगायचे. गडबड व्हायची ती पंचांग मिटल्यावर.

फुटबॉल त्यांच्या आयुष्यात केबलवाल्याच्या कृपेने आला. एका शनिवारी संध्याकाळी ते कीर्तन ऐकायला म्हणून टीव्हीसमोर बसले, आणि केबलवाल्याने परस्पर चॅनलांची अदलाबदल केल्यामुळे कीर्तनकारांच्या जागी हिरव्यागार मैदानावर बावीस धटिंगण एका चेंडूमागे धावताना दिसले. आत्या म्हणाली, "अहो, फोन करा त्या केबलवाल्याला." आतोबा म्हणाले, "थांब गं जरा. तो लाल शर्टवाला बघ, आता गोल मारतो." तो लाल शर्टवाला पुढच्याच मिनिटाला पाय मुरगळून स्ट्रेचरवरून बाहेर गेला. कीर्तन त्या घरात पुन्हा लागलं नाही.

विलायती संघांची नावं काही त्यांच्या जिभेवर बसेनात. मग त्यांनी सगळ्यांचं नव्याने बारसं केलं. लाल आणि निळे हे सरळच होते. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे ते 'गादीची खोळ', आणि जांभळट तांबड्या शर्टांचे ते 'आमसूल'. रामकुंडावरून ओलेत्याने परतताना वाटेत शेजारी भेटले, तर आतोबा गंभीरपणे सांगायचे, "आज आमसुलाचं काही खरं नाही. खोळ जिंकणार." परगावचे यात्रेकरू मागे वळून वळून बघायचे.

आता हे अंदाज काढायची त्यांची जी पद्धत होती, तिचा उगम त्यांच्या गाण्याच्या आवडीत होता, आणि ती आवड हा त्यांच्या खानदानाला लागलेला कलंक होता. त्यांच्या घरी नाट्यसंगीताचं वेड. वडील, काका, सगळे एकजात गाणारे. आतोबांना मात्र नाट्यगीत लागलं की जांभई यायची. "एका शब्दावर जो बसतो तो उठतच नाही. तोवर समोरचा गोल करून जाईल," असं ते म्हणत. त्यांना आवडायची कव्वाली, लग्नाच्या वरातीतला बँड, सनई, आणि मेनरोडवरच्या कॅसेटवाल्याने चुकून गळ्यात मारलेली एक परदेशी कॅसेट. तिच्यात नुसते ढोल आणि पिपाण्या होत्या. इंग्रजी समालोचन कळत नाही म्हणून ते टीव्हीचा आवाज बंद करून शेजारी टेपरेकॉर्डर लावायचे. लालवाल्यांना कव्वाली, निळ्यांना सनई, खोळीला बँड, आमसुलाला ती पिपाण्यांची कॅसेट. सोवळ्यात असले तर कॅसेट बदलायला मला हाक मारायचे.

शनिवारी दुपारी जेवण झालं की आतोबा आरामखुर्चीत बसून डोळे मिटत. उजवा हात गुडघ्यावर सैल सोडलेला. मी एका संघाची कॅसेट लावायची, मग दुसऱ्याची. ज्या कॅसेटला हात आपोआप गुडघ्यावर ठेका धरेल तो संघ जिंकणार. "मी काही ठरवत नाही रे," ते म्हणत. "हात ठरवतो. हात खोटं बोलत नाही." हात खोटं बोलत नव्हता हे खरंच. त्याला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, इतकंच. संध्याकाळी कव्वालीवाले धो धो मार खायचे आणि आतोबा टेपरेकॉर्डरकडे संशयाने बघत म्हणायचे, "टेप जरा ढिली वाजतेय."

ही कीर्ती हळूहळू फुटबॉलच्या बाहेरही गेली. दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार त्यांचे यजमान होते. एकदा ऐन तोडणीच्या दिवसांत आभाळ भरून आलं तसे ते पूजेचं निमित्त काढून आले आणि दारातूनच म्हणाले, "गुरुजी, पाऊस येतो का वो?"

आतोबांनी अंगणात येऊन वर पाहिलं. "छे छे. वारा बघा कसा सुटलाय. थेंब पडणार नाही."

बागायतदारांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि जीपच्या ड्रायव्हरला म्हणाले, "चल रे बिगी बिगी. गुरुजी नाय म्हन्ले. तयार माल हाय तेवढा आजच तोडून घ्यू." दुसऱ्या दिवशी धुवाधार पाऊस झाला. आठवड्याने आतोबांकडे द्राक्षांची पेटी आली, ती का आली हे त्यांना कधीच नीट कळलं नाही. आपल्या भक्तिभावामुळे आली असावी अशी त्यांची समजूत होती.

आत्याला मात्र या गोष्टीची धास्ती होती. माझ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी आतोबा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले होते, "पहिल्या वर्गात येतोस." मी गणितात गचकलो. तेव्हापासून आत्याने घरात कायदाच केला: लाल, निळे, आमसूल, पाऊसपाणी, काय वाटेल ते बोला, घरच्या माणसांबद्दल अंदाज सांगायचा नाही. आतोबांनी तो पाळलाही. तोंडाशी आलेलं भाकीत ते चहाच्या घोटाबरोबर गिळायचे.

नवं शतक लागून दोनतीन वर्षं झाली असतील, तेव्हा आत्याच्या हृदयाचं ऑपरेशन करावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. धावत आलो. ऑपरेशनचा दिवस नेमका शनिवार होता. आतोबा पहाटेपासून इस्पितळाच्या बाकावर बसलेले. पूजेच्या पाटावर तासन् तास बसणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांना कसं बसावं ते सुचत नव्हतं. उजवा हात गुडघ्यावर होता आणि तो अगदी निपचित होता. मला त्या हाताकडे बघवेना.

आत्याला ढकलगाडीवरून बाहेर आणलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण भीती होती ती निराळीच. आतोबांचं तोंड उघडताना दिसलं तशी ती घाईने म्हणाली, "अहो, तुम्ही काही बोलू नका. तुमच्या पाया पडते. 'बरी होशील' तेवढं म्हणू नका."

आतोबांनी तोंड मिटलं. मग ताठ उभे राहिले, अंगावरचं उपरणं सारखं केलं आणि संकल्प सोडताना लावतात त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "हे बघ, यातून तू काही उठत नाहीस. तीन-शून्यने हरणार. मी सांगतोय, लिहून ठेव."

नर्स दचकली. एक तरुण डॉक्टर पुढे येऊन म्हणाला, "अहो काका, पेशंटसमोर काय बोलताय? काही वाटतं का तुम्हाला?" पण आत्या हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती, आणि तशी हसत हसतच ती आत गेली. दार बंद झालं आणि आतोबा मटकन बाकावर बसले. माझं मनगट त्यांनी जे धरलं ते दुपारपर्यंत सोडलं नाही.

दुपारी मोठे डॉक्टर बाहेर आले आणि ऑपरेशन उत्तम झाल्याचं त्यांनी सांगितलं. आतोबा लहान मुलासारखे रडायला लागले. "माझं चुकलं," ते म्हणत होते, "बघ, माझं पुन्हा चुकलं." डॉक्टरांना वाटलं ते सकाळच्या बोलण्याची माफी मागतायत. त्यांनी खांद्यावर हात ठेवून "असू द्या, असू द्या" म्हटलं. आपलं चुकलं म्हणून इतका सुखावलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या दिवसापासून घरातला कायदा बदलला. आपल्या चुकण्याचा उपयोग आतोबांना कळला होता आणि तो त्यांनी आप्तेष्टांसाठी मुक्तहस्ताने वापरला. दर शनिवारी सामन्याआधी ते आत्याला म्हणत, "तुझं काही या आठवड्यात खरं नाही." आत्या "बरं" म्हणून चहा टाकायला जाई. भाचीला मुलगा बघायला आला तर, "जमत नाही." आणि मी पुण्याला निघालो की फाटकापर्यंत येऊन सांगायचे, "जा आता. पुन्हा काही आपली भेट होत नाही." सोबत आलेल्या माझ्या बायकोला पहिल्यांदा हे ऐकून रडूच फुटलं होतं. पुढे पुढे ते ऐकल्याशिवाय तीही गाडीत बसेना.

पाचसहा वर्षं अशी गेली. मग एकदा मी एकटाच गेलो होतो. आतोबा थकले होते. कॅसेटी जुन्या झाल्या होत्या, कव्वाली मध्येच घरघरायची. निघताना ते सवयीने फाटकापर्यंत आले, माझा हात हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, "ये रे लवकर. भेटूच आपण."

मी आत्याकडे पाहिलं. ती दारात उभी होती आणि तिनेही ते ऐकलं होतं. त्यांना आठवण करून देणं मला प्रशस्त वाटेना. बसमध्ये मला चैन पडलं नाही. सिन्नर गेलं, संगमनेर गेलं, माझ्या कानात तेच. आठवडाभर फोन वाजला की नंबर नाशिकचा तर नाही ना, हे मी आधी बघायचो. शेवटी शनिवारी पहाटे बायकोला "नाशिकला काम आहे" एवढंच सांगून निघालो. तिने काय काम म्हणून विचारलं नाही.

दार आतोबांनीच उघडलं. "अरे, तू? काही विसरलास काय?"

"छत्री," मी म्हणालो. त्या घरात माझी छत्री कधीच नव्हती. आत्या आतून आली, माझ्याकडे बघून पदराने चेहरा पुसला आणि म्हणाली, "बरं केलंस आलास."

जेवणं झाली. मी कॅसेटी लावल्या. आतोबांच्या हाताने सनईला ठेका धरला, आणि संध्याकाळी निळ्यांनी सणसणीत मार खाल्ला. म्हणजे सगळं जागच्या जागी होतं. 'भेटूच' हा तेवढा एक अंदाज त्यांचा आयुष्यात बरोबर आला, आणि तो बरोबर यावा म्हणून मला पुण्याहून यावं लागलं. त्यांना हे मी कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघालो तेव्हा ते फाटकापर्यंत आले. मी बॅग खांद्याला लावून उगाच रेंगाळत उभा राहिलो. त्यांनी फाटकाच्या दांडीवर बोटांनी जरासा ठेका धरला, माझ्याकडे पाहिलं आणि जुन्या खणखणीत आवाजात म्हणाले, "जा आता. पुन्हा काही आपली भेट होत नाही."

मी वाकून नमस्कार केला. सिन्नर यायच्या आतच मला बसमध्ये गाढ झोप लागली.