आमच्या ह्यांना फोन करा

धुकं असं दाटलं होतं की दोरीवरच्या चादरी काल होत्या तेवढ्याच आजही ओल्या. घडीवाल्यानं एकेक चादर दाबून पाहिली, ‘बसा आता लोंबकळत’ म्हणाला आणि आत आला. पुढच्या खोलीत बापाची लॉन्ड्री, मागच्या खोलीत त्याचं स्वतःचं ऑफिस.

लॉन्ड्र्यांसाठी त्यानं एक प्रोग्राम लिहिला होता. कुणाचा सदरा कुठल्या गठ्ठ्यात, ते झटक्यात सांगणारा. नाव ‘घडी’. घ्या, वापरा, आतलं उघडून बघा, हवं तसं बदला, सगळं मोकळं. पैसे काय ते देखभालीचे. तो ‘मोकळं’ म्हणायचा, लोकांना ‘फुकट’ ऐकू यायचं. तरी घर चाललं होतं.

प्रोग्राम त्याचा, वेबसाइटवरची मदतीची पानं बायकोची. समोर बसून बोलावं तशी लिहिलेली: ‘घाबरू नका. आधी घोटभर पाणी प्या. मग हिरवं बटण दाबा.’ ती गेली, पानं राहिली. लोकांचं त्यांवरच भागायला लागलं आणि देखभालीची गिऱ्हाइकं गळत गेली. उरली होती एका हॉस्पिटलची लॉन्ड्री. देखभालीचं पुढच्या वर्षाचं विचारायला तिथल्या मुकादमाला त्यानं सकाळीच फोन लावला.

“अहो, बिघडतंय कुठं?” मुकादम म्हणाला. “अडलंच तर वहिनी सांगतात की पानात! साहेब म्हणाले, मग देखभाल कसली? राग मानू नका हं.”

“छे, राग कसला.”

बहीण दारात उभी राहून ऐकत होती. “वहिनीनं तुझ्याच पोटावर पाय दिला, दादा.”

“तोही मोठ्या हौसेनं,” तो हसायला गेला, जमलं नाही.

“ती पानं काढून टाक. आपसूक फोन वाजतील. नाहीतर हे ऑफिस गुंडाळ आणि आमच्या गोदामात नोकरीला ये.”

त्यानं पान उघडलं. पुसायच्या बटणावर बोट नेलं. पानाच्या तळाशी दोन ओळी होत्या. तिथवर वाचायची पाळी कुणावर आलीच नसावी. ‘तरीही अडलं, तर आमच्या ह्यांना फोन करा, ते चिडत नाहीत. जेवायच्या वेळी तेवढा करू नका, त्यांचं ताट निवतं.’

त्यानं बोट मागं घेतलं.

“काढलीस?”

“गोदामात कधीपासून यायचं, विचार तुझ्या नवऱ्याला.”

त्यानं कॉम्प्युटर बंद केला, पुढच्या खोलीत जाऊन इस्त्री तापत ठेवली आणि बाहेरून एक ओलसर चादर ओढून आणली. एक टोक बहिणीच्या हातात दिलं.

“ताणून धर,” तो म्हणाला.